तेहतिशीतल्या स्टॉपरला दोन वर्षं द्यावीत का?

१७ एप्रिल २०२५ला लिव्हरपूलनं आपला कर्णधार व्हर्जिल व्हॅन डाइक याच्याशी दोन वर्षांचा नवा करार केला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. करार संपेल तेव्हा छत्तिशीच्या उंबरठ्यावर असेल. पगार क्लब जाहीर करत नाही, पण इंग्रजी वर्तमानपत्रं आठवड्याला साडेतीन लाख पौंडांच्या आसपासचा आकडा देतात. सहीनंतर दहाच दिवसांनी संघानं टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली आणि कराराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग नोव्हेंबर आला. मँचेस्टर सिटीकडून ०-३. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून घरच्या मैदानावर ०-३. पीएसव्ही आइंडहोवनकडून पुन्हा घरी १-४. बारा सामन्यांत नऊ पराभव. पीएसव्हीच्या सामन्यात तर सुरुवातीलाच पेनल्टी गेली, ती खुद्द कर्णधाराच्या हाताला चेंडू लागला म्हणून.

एप्रिलमधली सही चुकली का, हा प्रश्न मग कोल्हापुरातही निघाला. रात्री दीडला सुरू होणारा सामना बघून सकाळी कामाला जाणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. अशाच एका घरातले मामा-भाची २०२५च्या डिसेंबरच्या सुरुवातीला बोलतायत असं धरूया. मामा सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत, तरुणपणी पेठेच्या संघातून हाफ म्हणून खेळलेत. भाची विद्यापीठाच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू, आहे. दोघंही लिव्हरपूलचे. मीही त्यातलाच, आणि माझं मत मी झाकून ठेवणार नाही.

मामा: एप्रिलमध्ये मी एवढंच म्हणत होतो, की एक वर्ष द्या. दुसऱ्याचं पुढच्या एप्रिलला बघू. तेहतिशीतल्या माणसाला दोन वर्षं लिहून द्यायची म्हणजे त्याच्या पस्तिशीचा पगार आजच्या फॉर्मवर ठरवायचा.

भाची: आणि एका वर्षावर त्यानं सही केली असती? मामा, जानेवारीपासून परदेशातल्या कुठल्याही क्लबशी बोलायची त्याला मुभा होती. जुलैत तो मोकळाच होता.

मामा: नसती केली तर जाऊ द्यायचं. माद्रिदनं रामोसला जाऊ दिलंच की.

रामोस हा मामांचा हुकमी पत्ता आहे, म्हणून ती गोष्ट नीट सांगायला हवी. सर्जिओ रामोस २००५ला सेव्हियातून रेआल माद्रिदला आला. १६ वर्षांत ६७१ सामने आणि १०१ गोल, आणि हा माणूस बचावपटू. २०१४ला लिस्बनच्या अंतिम सामन्यात ॲटलेटिको १-० पुढं होतं, भरपाईच्या वेळेतलं तिसरं मिनिट चालू होतं. कॉर्नरवर रामोसनं हेडर मारून बरोबरी केली आणि बारा वर्षं हुलकावणी देणारा दहावा युरोपियन चषक क्लबला मिळाला. हाच खेळाडू २०२१ला ३५चा झाला. तिशी ओलांडलेल्याला एकेका वर्षाचाच करार, असा क्लबचा शिरस्ता. त्यानं दोन वर्षं मागितली. मग तो एका वर्षावर यायला तयार झाला, तर क्लबनं सांगितलं की त्या प्रस्तावाची मुदत आता संपली. १७ जूनला डोळ्यांत पाणी आणून त्यानं निरोप घेतला. पॅरिसच्या पीएसजीनं त्याला दोन वर्षं दिली आणि दुखापतींमुळं तो त्यांच्याकडून पहिला सामना खेळला तो थेट नोव्हेंबरच्या अखेरीला. इकडं माद्रिदनं रामोस आणि व्हरान असे दोन्ही जुने बचावपटू गेले असताना २०२२च्या मेपर्यंत स्पॅनिश लीगही जिंकली आणि चॅम्पियन्स लीगही. त्या अंतिम सामन्यात समोर लिव्हरपूलच होतं.

भाची: पण ती अर्धीच गोष्ट झाली. रामोसचा निरोप जूनमध्ये झाला आणि डेव्हिड अलाबाचं नाव क्लबनं मेमध्येच जाहीर केलं होतं. बायर्नचा करार संपलेला, ट्रान्सफरचा पैसा शून्य. पुढं चार नंबरचा शर्टही त्यालाच दिला. शिवाय मिलिताव २०१९लाच ५ कोटी युरो मोजून आणून ठेवलेला, दोन वर्षं बाकावर बसून तो तयार झाला होता. माद्रिदनं आधी दोन माणसं उभी केली आणि मग रामोसला मुदत संपल्याचं सांगितलं. एप्रिलमध्ये लिव्हरपूलकडं कोण होतं?

मामा: कोनाते.

भाची: कोनातेचा स्वतःचा करार २०२६च्या जूनला संपतोय. अजून?

मामा: क्वान्साह. बावीस वर्षांचं पोरगं, अकादमीत वाढलेलं.

भाची: त्याला तर त्याच उन्हाळ्यात लेव्हरकुसेनला विकला.

मामा: विकला ही चूक वेगळी. मी कराराचं बोलतोय. आमच्याकडं कर्जाचा अर्ज आला की मागची फेड आम्ही बघायचोच, पण कर्ज मंजूर व्हायचं ते पुढच्या उत्पन्नावर. जुनी खाती कितीही चोख असली तरी ज्याचा धंदा उतरणीला लागलाय त्याला मुदतवाढ देताना हात आखडायचा. व्हॅन डाइकची मागची फेड सोन्यासारखी आहे. २०१८च्या जानेवारीत साडेसात कोटी पौंड दिले, बचावपटूसाठी तेव्हा जगात कुणी एवढे दिले नव्हते, आणि ते सगळे वसूल झाले. पण नवा करार २०१९बद्दल नव्हता.

मामांचं हे म्हणणं मला मान्य आहे, आणि खेळाडूवर जीव असलेल्या माणसाला ते पचवणं जड जातं हेही मला ठाऊक आहे. मागचं देणं फेडायला करार करत नाहीत. अडचण पुढचं उत्पन्न मोजण्यात आहे. गोल करणाऱ्याचे गोल मोजता येतात. बचावपटूचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते.

भाची त्यासाठी एकच प्रसंग सांगते, आणि तो कितीही वेळा सांगितला तरी मला कंटाळा येत नाही. ३१ मार्च २०१९, अ‍ॅनफिल्ड, समोर टॉटनहॅम. १-१ अशी बरोबरी, सामना संपायला पाचेक मिनिटं. लिव्हरपूलची सगळी फौज पुढं गेलेली आणि टॉटनहॅमचा प्रतिहल्ला निघाला. मूसा सिसोको चेंडू घेऊन सुसाट, बाजूनं सॉन मोकळा, आणि दोघांच्या मध्ये एकटा व्हॅन डाइक. तो टॅकलला गेलाच नाही. मागं सरकत राहिला. सॉनकडं जाणारी वाट त्यानं अंगानं बंद ठेवली, कारण सॉनपर्यंत चेंडू पोचला तर गोल ठरलेला होता. सिसोकोला त्यानं पुढं येऊ दिलं, डाव्या पायावर येऊ दिलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याच्या अंगावर गेला. सिसोकोला नावडत्या पायानं मारावं लागलं. चेंडू बारवरून गेला. पाच मिनिटांनी स्वयंगोलावर लिव्हरपूल २-१ जिंकलं.

भाची: यात वेग कुठं लागला सांगा. त्यानं दोघांतला कमी धोक्याचा माणूस निवडला आणि शॉट त्यालाच मारायला लावला. हे तेहतिशीत विसरायला होत नाही. मालदिनी ३८व्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकला. थियागो सिल्वाला पीएसजीनं २०२०ला ३५चा झाला म्हणून सोडलं, आणि पुढच्याच मेमध्ये चेल्सीनं त्याला घेऊन तोच चषक जिंकला. त्यानंतरही तिथं तीन वर्षं खेळला तो.

मामा: सिल्वा चेल्सीत तीन स्टॉपरच्या मधोमध उभा असायचा. डावीकडं एक, उजवीकडं एक. धावायचं काम ते करायचे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझं म्हणणंच ते आहे. डोकं चालवून खेळणारा बॅक वय झाकू शकतो, पण पुढची माणसं जागेवर असली तरच. मधली फळी फाटली की त्याला मागं वळून चाळीस यार्ड पळावं लागतं, आणि तिथं वय उघडं पडतं. या नोव्हेंबरात काय झालं? बगलेचे बॅक पुढं, उजवा बॅक ट्रेंट माद्रिदला गेलेला, हाफ लाइनमधून माणसं सरळ चालत येतायत. गेल्या वर्षी हाच व्हॅन डाइक जवळपास प्रत्येक सामना खेळला आणि वय कुणाला दिसलं नाही.

भाची: मग दोष पुढच्या फळीचा झाला की.

मामा: दोष कुणाचाही असू दे. ज्याला झाकायला बाकीच्या दहाजणांनी एका ठराविक पद्धतीनंच खेळायचं, त्याची किंमत फक्त त्याच्या पगाराएवढी नसते. पोरी, हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

इथं मी मामांच्या बाजूला झुकतो. हा मुद्दा मैदानावर उभं राहिलेल्या माणसाचा आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या बचावपटूचा संघ थोडा मागं सरकून खेळतो, दर हंगामाला पाच-पाच यार्ड, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण भाचीकडं त्याहून जुना पुरावा आहे. १७ ऑक्टोबर २०२०ला एव्हर्टनविरुद्ध गोलकीपर पिकफर्डच्या धडकेत व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि तो हंगाम त्याच्यासाठी तिथंच संपला. आदल्या वर्षी लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली होती; घरच्या मैदानावर तर पुढं जानेवारीपर्यंत ६८ लीग सामने हरले नव्हते. पाठोपाठ बाकीचे स्टॉपरही, गोमेझ पडला, मातिप पडला. फाबिन्यो आणि हेंडरसन हे मधल्या फळीतले खेळाडू मागं ओढावे लागले. जानेवारीत बर्नलीनं अ‍ॅनफिल्ड जिंकलं, आणि तिथून मार्चपर्यंत लिव्हरपूल घरच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने हरलं.

भाची: सहा, मामा. आणि बघा, हेंडरसन मागं गेला की मधली फळी गेली, मधली गेली की पुढच्यांना चेंडू मिळेना. एक माणूस गेला आणि तीन जागा रिकाम्या झाल्या. तुम्ही म्हणता तो ताळेबंदात न दिसणारा खर्च दोन्ही बाजूंनी असतो. व्हॅन डाइक असण्याचा खर्च असेल, तर तो नसण्याचाही आहे.

मामा: नसण्याचा खर्च तयारी नसली की येतो.

भाची: मग तेच तर म्हणतेय मी!

मामा: सिटीचं बघ. २०१९ला कोंपनी गेला, ३३चाच होता. त्याच्या जागी त्यांनी कुणी घेतलाच नाही. ऑगस्टअखेर बचावातला लापोर्त जखमी झाला आणि मधल्या फळीतला फर्नांदिन्यो स्टॉपर म्हणून खेळायला लागला. लिव्हरपूलचे ९९ गुण, त्यांचे ८१. पुढच्या वर्षी रुबेन दियास आणला आणि लगेच लीग जिंकली. म्हणजे कोंपनीला ठेवायला हवं होतं असं कुणी म्हणणार नाही. दियास वर्षभर आधी घ्यायला हवा होता, एवढंच.

दोघंही आता एकाच जागी आले आहेत, पण पैशाचं भांडण उरलंय, आणि बँकेतल्या माणसापुढं ते टळत नाही.

साडेतीन लाखांचा अंदाज खरा धरला तर वर्षाचे १ कोटी ८२ लाख पौंड, दोन वर्षांचे ३ कोटी ६४ लाख. ट्रान्सफरची रक्कम क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. व्हॅन डाइकचे साडेसात कोटी आधीच्या कराराबरोबर पूर्ण खर्ची पडून गेले आहेत. आता उरतो तो निव्वळ पगार. त्याच दर्जाचा तरुण आणायचा तर आधी खरेदी, वर पगार. सिटीनं बचावपटू ग्वार्दिओलसाठी २०२३ला ७ कोटी ७० लाख पौंड मोजले. पाच वर्षांवर वाटले तरी पगार सोडून वर्षाला दीड कोटीच्या वर. भाचीचा हिशेब असा सरळ आहे, की ठेवणं स्वस्त पडतं.

मामा: तुझ्या हिशेबात एक रकाना राहिलाय. ग्वार्दिओल उद्या विकायला काढला तर पैसे परत येतील. छत्तिशीतल्या स्टॉपरचे काय येणार?

भाची: काहीच नाही. पण त्या दोन वर्षांत तो जे सामने वाचवील त्याचेही पैसे असतात. चॅम्पियन्स लीगमध्ये असणं आणि नसणं यात केवढा फरक आहे. १३ एप्रिलचा वेस्ट हॅमचा सामना आठवा. सामना संपत आलेला, १-० पुढं, आणि त्यानं मारलेला चेंडू रॉबर्टसनला लागून आपल्याच जाळ्यात. १-१. तीनच मिनिटांनी कॉर्नर, मॅकॅलिस्टरचा चेंडू, आणि याचंच हेडर. दोन गुण हातचे जायची पाळी आली होती ती स्वतःच्या चुकीनं, आणि त्यानंच ती फेडली. चारच दिवसांनी सही झाली.

मामा: मी बघितला तो सामना. उठून उभा राहिलो होतो.

माझ्या मते करार बरोबर होता, आणि दोन वर्षांचाच बरोबर होता. एप्रिलमध्ये हातात दुसरा तयार माणूस नव्हता आणि संघ विजेतेपदाच्या दारात होता. अशा वेळी कर्णधाराला एका वर्षावर अडवून धरणं म्हणजे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला सांगणं, की तुमचंही असंच होईल. चूक सहीनंतरच्या चार महिन्यांत झाली. कर्णधार राहिला म्हणजे मागची बाजू भरली, अशा समजुतीनं क्लब वागला असं मला दिसतं. उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांच्या वर खर्च झाले. एकट्या फॉरवर्ड इसाकसाठी साडेबारा कोटी, ब्रिटनमधला विक्रम. मधल्या बचावाला मात्र आला तो पार्माचा १८ वर्षांचा लेओनी. सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात, साउथहॅम्प्टनविरुद्ध, त्याचाही गुडघ्याचा लिगामेंट तुटला. क्वान्साह तोवर जर्मनीत पोचला होता. आणि १ सप्टेंबरला, खरेदीच्या शेवटच्या दिवशी, क्रिस्टल पॅलेसच्या मार्क गेहीचा साडेतीन कोटींचा सौदा ठरला होता. पॅलेसला बदली खेळाडू मिळाला नाही आणि त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. ज्या जागेवर संघ उभा आहे ती जागा शेवटच्या तासावर सोडायची नसते. साडेतीन कोटी, म्हणजे जवळपास व्हॅन डाइकच्या दोन वर्षांच्या पगाराएवढेच. ते महिनाभर आधी, पॅलेसला दुसरा शोधायला वेळ देऊन टाकले असते, तर नोव्हेंबरात पस्तिशीकडं निघालेल्या माणसाला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्वद मिनिटं खेळावं लागलं नसतं.

एक गोष्ट या सगळ्या हिशेबाबाहेर आहे, आणि भाचीनं ती शेवटी काढली.

भाची: मामा, ३ जुलैला आपला जोटा आणि त्याचा धाकटा भाऊ अपघातात गेले. हंगाम सुरू व्हायच्या आधी. गोंदोमारला अंत्यविधीच्या वेळी व्हॅन डाइक आणि रॉबर्टसन पुढं चालत होते. एकाच्या हातात २० नंबरच्या शर्टासारखी बांधलेली लाल फुलं, दुसऱ्याच्या हातात धाकट्या भावाच्या ३० नंबरची. त्या पोरांना पुन्हा सरावाला घेऊन जायचं काम कुणी केलं असतं? करार दिला नसता तर तो तोवर दुसऱ्याच क्लबात असता.

मामा: ते मी मोजत नाही. ते मोजायचंही नाही. आणि या वर्षीचे निकाल लावताना सगळ्यांनीच ते आधी लक्षात घ्यायला हवं, हेही कबूल. पण २०२७ला हाच प्रश्न परत येणार आहे. तेव्हा तू काय करशील?

भाची: तेव्हा तो किती खेळतोय यावर.

मामा: नाही, हे आत्ता ठरवायचं. मी बँकेत असतो तर असं लिहून दिलं असतं: एक वर्ष, पगार निम्मा, उरलेला खेळलेल्या सामन्यांवर. आणि अट अशी, की कर्णधार असला तरी बाकावर बसायची तयारी हवी.

भाची: मला अट मान्य आहे. पण क्रम उलटा. आधी या जानेवारीत माणूस घ्या. गेहीचा पॅलेसशी करार जूनमध्ये संपतोय, त्याच्यामागं निम्मं युरोप लागलंय. तो नाही तर दुसरा, पण पंचविशीतला, खेळून तयार झालेला. तो व्हॅन डाइकच्या शेजारी दीड वर्ष खेळू दे. मग २०२७ला तुमचा निम्मा पगार त्याच्यापुढं ठेवा.

मामा: आणि तो नाही म्हणाला तर?

भाची: तर हात मिळवून निरोप द्यायचा. रामोससारखी मुदत संपल्याचं सांगून नाही. मे महिन्यात, अ‍ॅनफिल्डवर, शेवटच्या घरच्या सामन्याआधी सांगून.

मामा: त्याला मी तयार आहे. पण लेओनी बरा होऊन येईपर्यंत दुसराही एक लागेल. एकावर भागणार नाही, दोन घ्यावे लागतील.